बापू मास्तर बंद

"ताई, तुमच्याकडे लिंक मिळते का?"

सुरतेत, गोडादऱ्यातल्या माझ्या दुकानात हे गृहस्थ आले तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. दारावर पाटी, 'वेबसाईट बनवून मिळेल'. गृहस्थांनी चपला बाहेर काढल्या होत्या. शर्टावर मिलमधल्या रंगाचे निळे डाग, आणि मिशी मात्र थेट लग्नाला निघालेली.

"कसली लिंक?" मी विचारलं.

"ते माहीत नाही. पण आजच पाहिजे. शेठचा मॅनेजर म्हणाला, 'मास्तर, तमारी लिंक मोकलो ने.' माले वाटलं, कुरिअरने पाठवायची वस्तू असेल. चार दुकानं फिरलो. हार्डवेअरवाल्याने साखळीची कडी दाखवली."

हे बापू मास्तर. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'इंटरनेटचे साधे शब्द नवख्यांना समजावून सांगा' अशी फर्माईश आली, तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले. शब्दांची यादी लिहिली तर वाचक ती पान उलटून फराळाच्या जाहिरातीकडे जाणार. त्यापेक्षा मास्तरांचीच हकीकत सांगते. सगळे शब्द तिच्यात येतात.

आधी धंद्याविषयी थोडं. लग्न होऊन जळगावहून सुरतेत आले, संगणक शिकले, काही वर्षं क्लासमध्ये शिकवलं आणि मग लोकांच्या वेबसाईट बनवायला लागले. साडीवाले, रंगवाले, शिकवणीवाले, सगळे यायचे. पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलचे मालक रोज सकाळी आपली संपूर्ण वेबसाईट कागदावर छापून घेऊन चहाबरोबर वाचायचे, आणि मग मला फोन, "ताई, आज तर कालचंच छापून आलंय!" एका साडीवाल्याला त्याची वेबसाईट अमावास्येला बंद ठेवून हवी होती. मी ठेवली. गिऱ्हाईक आहे, आपलं काय जातं!

मास्तर मूळ पारोळ्याकडचे. दिवसा डाइंग मिलमध्ये नोकरी, लग्नसराईत बँड. बँडातली बाकी मंडळीही अशीच, कुणी लूमवर, कुणी पार्सल उचलणारा. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. पण गेले दोन हंगाम सगळी लग्नं डीजेच्या गाड्यांनी पळवली होती. मंडळी कंटाळली होती आणि मास्तरांनी त्यांना शब्द दिला होता, हा हंगामही कोरडा गेला तर बँड मोडायचा, वाद्यं विकायची. अशात तापीपलीकडच्या कांतिभाई शेठकडून निरोप आला. शेठच्या स्वतःच्या लग्नात मास्तरांच्या वडिलांचा बँड वाजला होता. आता मुलीचं लग्न. शेठच्या आईचा, म्हणजे बांचा हट्ट, की बँड तोच हवा. नवरी मुलीला हवा होता डीजे. शेवटी तडजोड झाली. मुलगी आधी बँड कसा आहे ते फोनवर बघेल, मग ठरवेल. म्हणून मॅनेजर जिग्नेशभाईंनी लिंक मागितली.

"मास्तर," मी म्हटलं, "लिंक म्हणजे पत्ता. बोट ठेवलं की माणूस थेट तुमच्या दारात. पण पत्ता द्यायला आधी घर पाहिजे. ते घर म्हणजे वेबसाईट."

"मग घर बांधा."

"जागा भाड्याने घ्यावी लागते. त्याला होस्टिंग म्हणतात. कुठेतरी एक मोठा संगणक रात्रंदिवस चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच्यात आपल्याला एक खोली मिळते."

"कोठे शे तो?"

"नक्की नाही सांगता येत. परदेशातही असेल."

"घरमालक कोण?"

"त्यालाही मी कधी पाहिलं नाही."

मास्तरांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, जणू मीच फसवली गेले आहे. "ताई, मी कोसाडला खोली घेतली होती तर मालकाच्या सासऱ्यापर्यंत चौकशी केली होती."

हे ऐकून मी हसले खरी, पण नंतर वाटलं, बरोबरच बोलतोय माणूस. आता कोणी असं विचारत नाही. समोर 'मान्य आहे' असं बटण आलं की पटकन दाबतात. घरमालक कोण, करार काय, कशाचाच पत्ता नाही. मास्तरांनी मात्र मला प्रत्येक शब्दाला थांबवलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला, कमलाबाईंना घेऊन आले, आणि मग तर माझी परीक्षाच सुरू झाली.

कमलाबाई घरी साड्यांना लेस लावायच्या. त्यांचा बँडवरच राग होता. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा. मी ऐकते. पटलं तर करू."

मी सांगितलं, ब्राउझर म्हणजे आपल्याला त्या घरापर्यंत नेणारी रिक्षा. सर्च इंजिन म्हणजे नाक्यावरचा तो माणूस, ज्याला अख्ख्या वस्तीची माहिती असते. नाव सांगा, तो बोट दाखवतो. फोटो आपल्या फोनमधून साईटवर पाठवला, की अपलोड. साईटवरून आपल्याकडे घेतला, की डाउनलोड.

"म्हणजे टेम्पो," कमलाबाई म्हणाल्या. "पार्सल चढवलं ते अपलोड, उतरवलं ते डाउनलोड. यात इंग्रजी कशाला पाहिजे?"

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. पुढे मी सगळ्यांना टेम्पोच सांगायला लागले.

"आणि ते कुकीज घ्या, कुकीज घ्या म्हणून फोनवर येतं ते?"

"तुम्ही साईटवर गेलात, की ती तुमच्या फोनमध्ये एक छोटी खूण ठेवते. पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून. तिला कुकी म्हणतात. खरा अर्थ बिस्कीट."

"सुरतेत राहून बिस्कीट? नानकटाई तरी ठेवा!"

काम सुरू झालं. मी मास्तरांना म्हटलं, होम पेजसाठी एक चांगला फोटो पाठवा. होम पेज म्हणजे साईटचं पहिलं पान, दर्शनी भाग. संध्याकाळी फोटो आला. त्यात मास्तरांच्या घराचं दार, दारात तुळस, बाजूला गॅसची टाकी. मी फोन केला. "मास्तर, बँडचा फोटो हवा."

"तुम्हीच म्हणाल्या ना, होम!"

मग नाव. साईटच्या नावाला डोमेन म्हणतात. दुकानाची पाटीच ती. फरक एवढाच की अख्ख्या जगात ते नाव एकालाच मिळतं. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही आणि शेवटी डॉट कॉम. डॉट म्हणजे टिंब. कमलाबाई त्याला टिकली म्हणायच्या. "टिकली विसरली तर साईट उघडत नाही," असं त्या शेजारणींना सांगत. मास्तरांनी मोठ्या हौसेने नाव निवडलं, बापू मास्तर बँड, सगळं जोडून. मोठ्या ढोलावर ते रंगवूनही घेतलं. मी ते नाव वाचलं, टाईप केलं, नोंदवलं, आणि त्यात काय दडलंय ते मला अजिबात दिसलं नाही.

उद्घाटनाला मास्तरांनी सगळी गल्ली बोलावली. आमच्याकडे 'साईट' म्हणजे बांधकाम. निम्मे लोक पलीकडच्या अर्धवट इमारतीपाशी जाऊन उभे राहिले, तिथल्या मुकादमाला हारही घातला. त्याने तो घेतला. बाकीचे माझ्या खोलीत. कमलाबाईंनी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं आणि नारळ कुठे फोडायचा यावर वाद झाला. मास्तरांचं म्हणणं, खरा नारळ सर्व्हरवर फोडायला हवा, पण तो परदेशात. शेवटी उंबऱ्यावर फोडला. मी बटण दाबलं, साईट उघडली, बँडने माझ्या दारात अशी काही सलामी दिली, की समोरच्या कपड्यांच्या दोरीवरून कबुतरं उडाली. मास्तरांनी तिथल्या तिथे जिग्नेशभाईंना लिंक पाठवली. नानकटाई वाटली. सगळे आनंदाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची दिवसपाळी. मिलमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत. आणि नेमकी त्याच दुपारी साईट पडली. म्हणजे सर्व्हर डाउन. तो मोठा संगणक काही कारणाने बंद झाला, की त्याच्यातली सगळी घरं दिसेनाशी होतात. पत्ता तोच असतो, पण दार उघडत नाही. नुसतं कोरं पान आणि वर नाव.

तिकडे कांतिभाईंच्या घरी नेमकं तेव्हाच सगळे फोनभोवती जमले होते. जिग्नेशभाईंनी लिंकवर बोट ठेवलं. कोरं पान. वर इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिलेलं नाव. आता बी, ए, एन, डी ही अक्षरं तुम्हीच वाचून पाहा. बँड होतं. आणि बंदही होतं.

जिग्नेशभाईंनी मोठ्याने वाचलं, "बापू मास्तर बंद."

बा म्हणे हळहळल्या. "अरेरे, बंद करी दीधुं?" आणि नवरी मुलीने तेवढ्यात डीजेवाल्याला फोन लावला.

ही बातमी मास्तर पाळी संपवून बाहेर पडायच्या आधी गोडादऱ्यात पोचली. जिग्नेशभाई मार्केटात चहावाल्याशी बोलले, चहावाला पार्सल उचलणाऱ्यांशी, आणि पार्सल उचलणारे आमच्याच गल्लीतले. इंटरनेट कसं चालतं असं कोणी विचारलं, की मी हेच उदाहरण देते. फक्त इंटरनेट थोडं सावकाश चालतं.

मास्तर घरी आले तर दारात माणसं बसलेली. माना खाली. मास्तरांच्या हातातला डबा खाली पडला.

"काय व्हयनं? कोण गेलं?"

एक म्हातारे उठले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा बँड."

तेवढ्यात आतून आवाज. लिंबायतचा एक बँडवाला मोठा ढोल स्वस्तात मिळतो का बघायला आला होता आणि कमलाबाई त्याला झाडूने बाहेर काढत होत्या. "बंद कोठे व्हयना? चालूच शे! कोणी सांगं तुले?" बँडवर राग असलेल्या त्याच कमलाबाई! ढोल धरून उभ्या राहिल्या होत्या.

मग सगळी वरात माझ्याकडे. मी होस्टिंगवाल्यांना फोन लावला. फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं, मास्तरांनी त्यातली एक चूकही काढली. अखेर एक मुलगी बोलली, "काम चालू आहे, सकाळपर्यंत सुरू होईल." इकडे जिग्नेशभाई फोन उचलेनात.

"नाव बदला," मास्तर म्हणाले. "बंद नको. सरळ 'बापू मास्तर चालू' करा."

मग कमलाबाई इतक्या हसायला लागल्या की त्यांना खुर्चीवरून उठता येईना. "चालू! अहो, बायका वाचतील तर काय म्हणतील? माणूस चालू शे!" मग कर्णेवाला हसला, ढोलवाला हसला, मीही हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत बसले होते. मला त्या वेळी त्यांची खरंच दया आली. नाव मीच नोंदवलं होतं, साईट माझी, शब्द माझे. आणि मोडायला निघालेला बँड मात्र त्यांचा.

जरा वेळाने ते उठले. "ताई, साईट सकाळी येईल तेव्हा येईल. त्यांना बँड बघायचाय ना? मग बँडच जाईल. उद्या माझी सुट्टी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी साड्यांच्या टेम्पोत बँड चढला. लाल कोट, सोनेरी पट्टे, मांडीवर वाद्यं. मी ड्रायव्हरशेजारी. कमलाबाई आल्या नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाल्या, "जेवून येतील का, तेवढं कळवा."

तापी ओलांडून आम्ही त्या उंच इमारतीखाली उतरलो. वॉचमन धावत आला, "लग्न नाही आज! कुणाकडे?" मास्तरांनी त्याला नमस्कार केला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

मी बऱ्याच साईटचे बरेच व्हिडिओ अपलोड केले असतील, पण तो क्षण वेगळाच होता. उन्हात पेटलेले पितळेचे कर्णे, भिंतींवर आपटून दुप्पट होणारा आवाज, गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागलेले. एकेक गॅलरी उघडायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर खाली आले, "बंद करो! बंद करो!" मास्तरांनी क्लॅरिनेट काढून त्यांना अगदी नम्रपणे सांगितलं, "साहेब, तेच तर सांगायला आलोय. बंद नथी!" आणि पुन्हा सुरू.

पाचव्या मजल्यावरून पांढऱ्या साडीतल्या एक आजी वाकल्या. बा. "कोण वगाडे छे?"

"बापू मास्तर!" मी खालून ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"तो धीमे धीमे शुं वगाडो छो? जोरथी वगाडो!"

मग मास्तरांनी गरबा धरला. आणि लिफ्टमधून ओल्या केसांची, टॉवेल खांद्यावर असलेली नवरी मुलगी बाहेर आली. भांडायला आली होती, चेहऱ्यावरून दिसत होतं. दोन पावलं भांडणाची टाकली, तिसरं गरब्याचं पडलं. मागून शेजारणी आल्या. सेक्रेटरींनी बनियनवरच टाळी धरली. आणि मास्तर वाजवता वाजवता गिरकी घेऊन नाचायला लागले. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पण एक सूर हलला नाही. मी हे सगळं हसत हसत फोनवर टिपत होते.

डीजेवाल्याला नकार गेला. बँड ठरला. बांनी सगळ्यांना जेवायला घालूनच सोडलं, आणि मी कमलाबाईंना तसं कळवलं.

साईट तोवर सुरू झाली होती. मी नाव तसंच ठेवलं. ढोलावर रंगवून झालं होतं ना! पण पहिल्या पानावर तो व्हिडिओ चढवला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बँड बंद नाही.' ते वाचून लोकांना उलट उत्सुकता वाटायची, की का बरं बंद होणार होता? फोन करायचे. एकदा फोन आला की मास्तर सोडत नसत.

दोन दिवसांनी कमलाबाई एकट्याच दुकानात आल्या. "तो व्हिडिओ परत दाखवा."

दाखवला. "परत." पुन्हा दाखवला. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. "हे नाचतात?"

"तुम्ही कधी पाहिलं नाही?"

"कुठून पाहणार? लग्नं दुसऱ्यांची. बँडवाल्याच्या बायकोला कोण बोलावतं? हे जायचे, यायचे, मी पाय शेकायला पाणी द्यायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, उभे राहून पों पों करत असतील." मग पदर सावरत म्हणाल्या, "मिशी कशी उडतेय पाहा."

मी बांना फोन केला. लग्नाचं बोलावणं मला होतंच. म्हटलं, एकीला बरोबर आणू का? बा म्हणाल्या, "दस लावो!" म्हणजे दहा आणा.

वरात निघाली. कमलाबाईंनी स्वतः लेस लावलेली जांभळी साडी नेसली होती. त्या बायकांच्या घोळक्यात माझ्या दंडाला घट्ट धरून चालत होत्या. मास्तर बँडापुढे उलटे चालत क्लॅरिनेट वाजवत होते, आणि उलटं चालता चालता त्यांना बायको दिसली. क्लॅरिनेट तोंडापासून सुटलं. बँड त्यांच्याशिवाय चार पावलं पुढे गेला.

"देखी काय राहिनात?" कमलाबाई घोळक्यातून ओरडल्या. "वाजाडा!"

मास्तरांनी वाजवलं. असं वाजवलं की नवरदेवाची घोडीही मान डोलवायला लागली. बांनी कमलाबाईंचा हात धरला आणि मध्ये ओढलं. त्या आधी 'नको नको' म्हणाल्या. मग पदर कमरेला खोचला. मग मी फोन काढला. मग माझाही हात कोणीतरी ओढला आणि पुढचा व्हिडिओ आकाशाचा, लोकांच्या पायांचा आणि एका फुग्याचा आला आहे. पण कमलाबाई त्यात आहेत. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले.

परतताना रिक्षात त्या तो व्हिडिओ बघत बसल्या होत्या. मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी, अजून त्याच कोटात. मधूनच मागे वळून बघायचे आणि पुन्हा रस्त्याकडे.

"ताई," तापीच्या पुलावर कमलाबाई म्हणाल्या, "हा टेम्पोत चढवा."

"साईटवर? नक्की? सगळं जग बघेल."

"बघू दे. खाली नाव लिहा. कमलाबाई नको, नुसतं कमल." मग त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा टाईप केला. अजून तिथेच आहे, जाऊन बघा.

नाच : कमल. वाजंत्री : इतर.